भाड्याचा वाटा आणि निवृत्तीची शिदोरी

शिरूरहून पुण्याकडे जाणारी एसटी खराडी-येरवड्याच्या टोलेजंग कार्यालयांजवळून जाते. त्या कार्यालयांच्या भाड्यात शिरूरच्या शिक्षकाला किंवा दौंडच्या रेल्वे कर्मचाऱ्यालाही वाटा मिळू शकतो, ही किमया स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांनी, म्हणजेच 'रीट'नी केली आहे. तथापि, वाटा मिळणे ही एक गोष्ट आणि त्यावर म्हातारपण विसंबणे ही दुसरी.

प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नव्या नेमणुकांसाठी राज्य सरकारने जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. त्यानंतर सरकारी नोकरांसाठी काही सुधारणा झाल्या. परंतु विनाअनुदानित शाळांतील शिक्षक, पतसंस्थांतील कारकून आणि रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांतील कामगार यांना तेवढाही आधार नाही. हाती आलेल्या पुंजीतून एखादा प्लॉट घेऊन ठेवावा, ही आपल्याकडची रीत. पण मोकळा प्लॉट दरमहा भाडे देत नाही आणि आजारपणात त्यातला अर्धा गुंठा विकून दवाखान्याचे बिलही भागत नाही.

रीटचे आकर्षण नेमके येथे आहे. 'सेबी'ने २०१४ मध्ये यासंबंधीचे नियम केले आणि २०१९ मध्ये एम्बसीचा पहिला न्यास शेअर बाजारात आला. पुढे २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफील्ड आणि २०२३ मध्ये नेक्ससचा मॉलवाला न्यास आला. नियमानुसार किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली व भाडे देणारी असावी लागते, आणि वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना द्यावी लागते. प्रारंभी अर्जाची किमान रक्कम २ लाख रुपये होती. २०२१ मध्ये ती १० ते १५ हजारांवर आली. भाडेकरारांत ठराविक काळाने वाढ असते, त्यामुळे महागाईशी काहीसा मुकाबला होतो. सहा टक्के महागाईत रुपयाची किंमत बारा वर्षांत निम्मी होते, हे लक्षात घेता हा गुण लहान नव्हे.

परंतु नाण्याची दुसरी बाजू डोळ्यांआड करून चालणार नाही. ९० टक्के वाटपाचा नियम ही रकमेची हमी नव्हे. भाडेकरू गेला की रोख घटते आणि वाटपही घटते. न्यासाला मालमत्तेच्या ४९ टक्क्यांपर्यंत कर्ज काढता येते; व्याजदर चढले की त्याचा भार वाढतो. युनिटचा भाव बाजारात ठरतो: २७५ रुपयांना विकलेले ब्रुकफील्डचे युनिट २०२३ मध्ये त्या किमतीच्या खाली होते. शिवाय वाटपाचा काही भाग कर्जाच्या परतफेडीच्या रूपाने येतो. तो नफा नसून आपलेच भांडवल परत आलेले असते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. तेथील व्याज गुंतवणुकीच्या दिवशी ठरते आणि पाच वर्षे बदलत नाही. घरखर्च व औषधपाणी त्यावर आणि टपाल खात्याच्या मासिक प्राप्ती योजनेवर भागावे. ज्याची सारी पुंजी एवढ्यातच संपते, त्याने रीटच्या वाटेला जाऊ नये. ज्याच्याजवळ वरकड राहते, त्याने तिचा लहानसा हिस्सा, फार तर दशांश, एकाहून अधिक न्यासांत विभागून ठेवावा. निवृत्तीला पंधरा वर्षे असलेल्या चाळिशीतील शिक्षकाला मात्र मिळणारे वाटप पुन्हा गुंतवून भावाचे चढउतार पचवता येतील. त्याला ही गुंतवणूक अधिक शोभते. २०२४ मध्ये नियमांत आलेल्या व किमान १० लाख मागणाऱ्या लघु-मध्यम रीटपासून मात्र सामान्य नोकरदाराने दूरच राहावे.

ताटातली भाकरी हमीच्या उत्पन्नाची असावी. भाड्याचा वाटा हे तोंडीलावणे; त्याने जेवणाला चव येईल, पण त्याच्या भरवशावर चूल पेटवू नये.