पोटातल्या पाहुण्याचे कूळ

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक आई आपल्या दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. मुलाचे पोट तेवढे पुढे आलेले, हातपाय काड्यांसारखे. "फादर, खातो पुष्कळ, पण अंगी काही लागत नाही," ती म्हणाली. अधूनमधून त्याला पातळ, तेलकट आणि फार दुर्गंधी असे शौचास होई. अंगणवाडीत जंतांची गोळी दोनदा देऊन झाली होती. आजीने वावडिंगाचा काढा पाजला होता आणि गुळाचा डबाही फडताळात वर ठेवून दिला होता, कारण गोड खाल्ल्याने जंत होतात हे आजीचे ठाम मत. घरच्या कर्त्या पुरुषाने मात्र दोष गाईला दिला. गोठा स्वयंपाकघराला लागून. तेव्हा रोग तिच्यापासूनच येत असला पाहिजे, आणि म्हणून येत्या बाजारी गाय विकून टाकावी, असे घरात ठरत आले होते. त्या मुलाच्या वाट्याला जे दूध येत होते ते त्याच गाईचे.

आम्ही काही वैद्य नव्हे. त्या मातेला आम्ही डॉक्टरांकडे पाठविले व मुलाच्या शौचाची तपासणी करून घेण्यास सांगितले. तपासणीत जंत निघालाच नाही. निघाला तो जिआर्डिया.

वाचकांनी येथे एक भेद ध्यानी घ्यावा. आपण ज्यांना जंत म्हणतो त्यांतले बहुतेक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. गोल जंत तर वीतभर लांब होतो. २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती या जंतांसाठी. ती गोळी उत्तम आहे. कोणी ती चुकवू नये. परंतु जिआर्डिया हा एकाच पेशीचा, डोळ्यांना न दिसणारा जीव आहे, आणि त्या एका गोळीने तो हटत नाही. डेल्फ्ट नगरीतील लेव्हेनहुक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने १६८१ साली स्वतःला जुलाब झाले असता आपल्याच घरच्या भिंगाखाली तो प्रथम पाहिला असे मानतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा असाच दुसरा एकपेशीय जीव; त्याच्यावर तर ती गोळी मुळीच चालत नाही. आशिया व आफ्रिकेतील सात ठिकाणी, आणि त्यांत आपले कोलकाताही होते, लहान मुलांच्या कडक हगवणीचा जो मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. वर्षाच्या आतील बाळांत रोटाव्हायरसच्या खालोखाल हाच क्रिप्टोस्पोरिडियम कारण म्हणून पुढे आला. जिआर्डियाची रीत निराळी. तो पुष्कळदा जुलाबाचा गाजावाजा करीत नाही. मुक्काम ठोकून बसतो, आणि मुलाची उंची मागे पडते.

आता कुळीची गोष्ट. लग्नाच्या कागदांसाठी कोणी आमच्याकडे आले म्हणजे आम्ही बाप्तिस्म्याची वही उघडतो. माणूस कोणत्या घरचा, त्याचे आईबाप कोण, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही, वहीवरून येते. या सूक्ष्म जीवांचेही तसेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एक जिआर्डिया दुसऱ्यासारखाच दिसतो. पण त्याच्या पेशीतील डीएनए वाचला की त्याचे कूळ उघड होते. शास्त्रज्ञांनी त्याची आठ कुळे मांडून त्यांना ए पासून एच पर्यंत इंग्रजी अक्षरे दिली आहेत. सी आणि डी ही कुत्र्यांची, ई गुराढोरांची व शेळ्यामेंढ्यांची, एफ मांजरांची, जी उंदरांची. माणसाच्या पोटात आढळतात ती मुख्यत्वे ए आणि बी. क्रिप्टोस्पोरिडियमच्या बाबतीतही माणसांत आढळणारा आणि वासरांत आढळणारा एकच, असे पूर्वी समजत. २००२ साली माणसांत राहणाऱ्याला होमिनिस असे स्वतंत्र नाव मिळाले; वासरांकडून आपल्याला होतो तो पार्व्हम.

हा कुलवृत्तांत निव्वळ पंडितांच्या कामाचा नव्हे. तामिळनाडूत वेल्लोर येथे आयडा स्कडर बाईंनी १९०० साली एका खाटेचा दवाखाना उघडला. त्याचेच पुढे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज झाले. तेथील संशोधकांनी गरीब वस्त्यांतील मुलांच्या शौचातले हे जीव वर्षानुवर्षे तपासले. क्रिप्टोस्पोरिडियम निघाला तो बहुतांशी होमिनिस, आणि जिआर्डिया बहुतांशी बी कुळीचा. म्हणजे मुलाच्या पोटात आलेला पाहुणा बहुधा गोठ्यातून आला नव्हता. तो दुसऱ्या माणसाच्या पोटातून आला होता.

बहुधा, असे आम्ही जपून म्हणतो. पश्चिम बंगालमध्ये गाईम्हशींच्या गोठ्यांवर काम करणाऱ्या माणसांत आणि तेथील गुरांत एकाच कुळीचा जिआर्डिया सापडला आहे. तेव्हा शेण काढल्यावर व धार काढल्यावर हात धुवावेत हे आलेच. पण त्यासाठी गाय विकण्याचे कारण नाही.

वेल्लोरलाच आणखी एक प्रयोग झाला व २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका वस्तीतील काही तान्ह्या मुलांच्या घरी पिण्यासाठी बाटलीबंद पाणी पुरविले, काहींच्या घरी नेहमीचेच पाणी राहिले. बाटलीबंद पाण्याने क्रिप्टोस्पोरिडियमची लागण कमी झाली नाही! यावरून पाणी उकळू नये असा अर्थ मात्र कोणी काढू नये. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ साली नळाच्या पाण्यातून हाच जीव पसरला आणि सुमारे चार लाख माणसे आजारी पडली. पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनला तो दाद देत नाही. पाण्याला खळखळून उकळी आली आणि ती मिनिटभर टिकली की तो मरतो. सांगावयाचे ते एवढेच, की पाण्याखेरीज दुसरीही वाट उघडी आहे.

ती वाट कोणती, हे आम्हांला त्या आजीच्या तोंडून कळले. आम्ही घरी गेलो तेव्हा धाकट्या नातवाचे दुपटे विहिरीच्या कट्ट्यावर, भांडी घासण्याच्या जागेशेजारीच धुतले जात होते. आम्ही विचारताच आजी म्हणाली, "दूध पिणाऱ्या लेकराची शी, ती काय घाण?" ही समजूत घरोघरी आहे. मोठ्या माणसाचे ते घाण, बाळाचे ते नव्हे. वास्तविक गोल जंताच्या अंड्याला मातीत दोनतीन आठवडे पडून राहावे लागते, तेव्हा कुठे ते दुसऱ्याला बाधते. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम यांची कवचे शरीराबाहेर पडताक्षणीच बाधावयास सिद्ध असतात. जिआर्डियाची तर अवघी दहा कवचे पोटात गेली तरी पुरे होतात, असे १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. बाळाचे ढुंगण धुणारा हात तसाच पिठात गेला, की काम झाले.

त्या घरात डॉक्टरांनी सहा वर्षांच्या बहिणीचीही तपासणी करविली. तिची काहीएक तक्रार नव्हती. खेळत होती, शाळेत जात होती. तिच्यातही जिआर्डिया निघाला. आई शेतावर गेली की भावाला भात भरविणारी तीच. कोणाकडून कोणाकडे गेले हे आता सांगता येणार नाही. तालुक्याच्या दवाखान्यात कुळीची तपासणी होत नाही, आणि औषधासाठी तिची जरुरीही नाही. दोघांना एकाच वेळी औषध दिले, हे महत्त्वाचे. एकट्या मुलाला दिले असते तर महिन्याभरात तो पुन्हा त्याच दाराने आत आला असता. घरात कोणाला जुलाब लागलेच, तर औषधाची वाट न पाहता मीठसाखरेच्या पुडीचे पाणी सुरू करावे. लहान मुलाला जस्ताच्या गोळ्याही देतात, त्या मात्र १४ दिवस पुऱ्या कराव्यात.

आमच्याही पदरी दोष आहे. आमच्या चर्चच्या आवारात सणाच्या दिवशी पाण्याच्या पिंपात एकच पेला फिरत असे आणि मुले त्यात कोपरापर्यंत हात बुडवीत. अनेक वर्षे आम्ही ते पाहत होतो. आता पिंपाला तोटी बसविली आहे.

त्या घरी आता दुपटी परसात वेगळी धुतात, ते पाणी विहिरीपासून दूर खड्ड्यात जाते, आणि बाळाची शी संडासात टाकतात. गाय गोठ्यातच आहे. विहिरीपाशी साबण ठेवला तो पहिल्याच आठवड्यात दोनदा कावळ्याने पळविला. आजीने कांद्याच्या जाळीदार पिशवीचा तुकडा कापून साबण त्यात बांधला आणि शेवग्याच्या फांदीला टांगला. मुलाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर.