फावल्या वेळचे उद्योग : बाल्साचें विमान

गेल्या खेपेस पतंगाविषयीं लिहिलें, त्यावर वाचकांचीं बरींच पत्रें आलीं. त्यांपैकीं तिघाचौघांचा प्रश्न एकच आहे : दोऱ्याऐवजीं रेडिओनें चालणारें लांकडी विमान घरीं बांधतां येईल काय, आणि येत असल्यास आरंभ कोठून करावा? प्रश्न आमच्या परिचयाचा आहे. आमच्या धाकट्या पुतण्यानें गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत हाच हट्ट धरला होता, व त्या हट्टापायीं घरांतील मोठें मेज अडीच महिने दुसऱ्या कोणास वापरावयास मिळालें नाहीं.

चिरंजीवांस हवें होतें स्पिटफायर. विमान देखणें खरें. त्याच्या पंखाची लंबवर्तुळाकार कड पाहून कोणाचेंहि मन मोहित व्हावें. परंतु त्या पंखाची प्रत्येक फांसळी निराळ्या मापाची, आणि लहान प्रतिकृतींत वेग कमी पडला कीं एक टोंक अगोदर कोसळावयाचें. शिकाऊ मुलाच्या हातीं असें विमान देणें म्हणजे सायकल न येणाऱ्यास मोटारसायकलीवर बसविणें होय. आम्हीं त्याच्यापुढें ‘ज्युनियर ६०’ चा नकाशा ठेवला. इंग्लंडांतील कीलक्राफ्ट कंपनीकरितां अल्बर्ट हॅटफुल यांनीं १९४६ च्या सुमारास हें विमान रेखाटलें. पंखाचा विस्तार ६० इंच, म्हणजे सुमारें दीड मीटर. त्या वेळीं तें रेडिओविना, मोकळें उडवावयाचें असे. त्यामुळें आपला तोल आपणच सांभाळण्याचा गुण त्याच्या बांधणींतच उतरला आहे. पंख धडाच्या वर, आणि त्याचीं दोन्ही टोकें उचललेलीं. विमान एका कुशीस कललें कीं तें त्या बाजूस घसरूं लागतें, खालच्या पंखास वारा अधिक कोनांतून लागतो, व तो पंख वर उचलला जातो. नवशिक्या गोंधळला म्हणजे त्यानें दांडीवरचें बोट काढून घ्यावें. पुरेशी उंची असल्यास बाकीचें विमानच पाहून घेतें. सुकाणू, एलेव्हेटर व मोटर एवढ्या तीन गोष्टी रेडिओच्या ताब्यांत असल्या कीं पुरे.

“हें म्हाताऱ्यांचें विमान आहे,” असा पुतण्याचा अभिप्राय पडला. आम्हीं तो ऐकून घेतला आणि नकाशा छापावयास पाठविला.

येथेंच पहिली ठेंच लागली. नकाशा खऱ्या मापाचा हवा. परंतु छापणाऱ्याच्या यंत्रास कागदांत बसेल तेवढें चित्र करून देण्याची संवय असते. आमच्या प्रतींत एक मीटरच्या जागीं ९७ सेंटिमीटर निघाले. अशा नकाशावर फांसळ्या कापल्या आणि पट्ट्या मात्र नेमक्या मापाच्या बाजारांतून आणल्या, तर खांचांत कांहींच बसत नाहीं. म्हणून नकाशा हातीं येतांच पोलादी पट्टीनें तो लांबीकडून व रुंदीकडून, दोन्हींकडून, मोजावा. दोष आमचाच, ‘माप बदलूं नका’ असें सांगावयास आम्ही विसरलों होतों.

आतां लांकूड. बाल्साचीं झाडें मध्य व दक्षिण अमेरिकेंतील उष्ण प्रदेशांत वाढतात, व बाजारांत येणारें बहुतेक लांकूड एक्वादोरचें असतें. झाड इतक्या झपाट्यानें वाढतें कीं पांचसात वर्षांत तें तोडावयास येतें. ‘बाल्सा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तराफा असा आहे. थोर हेयरडाल यांनीं १९४७ सालीं ज्या ‘कोन-टिकी’ तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशिया गांठलें, तो याच ओंडक्यांचा होता. दुसऱ्या महायुद्धांतील मॉस्किटो विमानाच्या धडांतहि बर्चच्या दोन पातळ थरांमध्यें बाल्सा भरलेला असे. आपल्याकडील दमट हवेंत त्यांपैकीं कांहीं विमानांचे सांधे सुटले, ही गोष्ट पुढें डिंकाच्या प्रकरणीं आम्हांस आठवावयाची होती.

या लांकडाची मोठी खोड अशी कीं दोन फळ्या दिसावयास सारख्या असून वजनांत दुपटीचें अंतर असूं शकतें. दीड मिलिमीटर जाड, ७५ मिलिमीटर रुंद व ९१५ मिलिमीटर लांब अशी फळी हलकी असल्यास १० ग्रॅम भरते, मध्यम १६, आणि कठीण असल्यास २२ च्या घरांत जाते. वहिनींचा स्वयंपाकघरांतील काटा मागून आणून आम्हीं एकेक फळी तोलली व तिच्यावर पेन्सिलीनें वजन लिहिलें. भारी पट्ट्या पंखाच्या तुळयांस, मध्यम फळ्या फांसळ्यांस, आणि सर्वांत हलकें लांकूड शेंपटीस. फांसळ्यांसाठीं आडव्या बाजूनें न वांकणारी, अंगावर चकाकते ठिपके दिसणारी फळी निवडावी. वळणावर चढवावयास मात्र सहज वांकणारी. शेंपटीच्या लांकडांत कंजुषी केलीच पाहिजे, कारण शेंपूट तोलबिंदूपासून नाकाच्या मानानें सुमारें तिप्पट दूर असते. मागें १० ग्रॅम अधिक पडले तर तोल सांवरावयास नाकांत ३० ग्रॅम शिसें भरावें लागतें, आणि तीं चाळीस ग्रॅम प्रत्येक उड्डाणांत निष्कारण वाहावीं लागतात.

हें आम्ही पुस्तकावरून सांगत नाहीं. पंचवीस वर्षांपूर्वीं आम्हीं स्वतः बांधलेल्या पहिल्या विमानाची शेंपूट मिळेल त्या कठीण लांकडाची होती. नाक हलकें राहिलें, तें दिसतहि होतें, परंतु उडविण्याची घाई झालेली. हातांतून सुटतांच विमान सरळ वर चढलें, थबकलें, आणि कुशीवर वळून मैदानाच्या कडेस बसलेल्या एका लहान मुलापासून दहा पावलांवर आपटलें. दोन महिन्यांच्या श्रमांचे तुकडे गोळा करतांना आम्हांस वाईट वाटलें नाहीं. त्या मुलाच्या आईकडे पाहण्याचें धैर्य मात्र झालें नाहीं. त्यानंतर कित्येक वर्षें आम्हीं या उद्योगास हात लावला नव्हता, आणि पुतण्यास आम्ही नको इतके बोलतों असें घरांत सर्वांस वाटलें त्याचें कारणहि हेंच.

बांधणीची रीत सोपी आहे. सपाट मेजावर टांचणी सहज रुतेल असा मऊ तक्ता, त्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लॅस्टिक, आणि त्यावर रेषेबरहुकूम पट्ट्या मांडून टांचण्यांनीं खिळवावयाच्या. धडाच्या दोन बाजू एकावर एक बांधाव्या, म्हणजे त्यांत फरक पडत नाहीं. सांध्यांस पिवळा लांकडी डिंक उत्तम. क्षणांत धरणारा सायनोॲक्रिलेट सोयीचा खरा, पण हात चुकला तर दुरुस्तीस सवड देत नाहीं. मोटर बसते त्या प्लायवूडच्या फळीस मात्र इपॉक्सीच लावावें.

उजवा पंख बांधला तेव्हां पाऊस लागला होता. दमट हवेंत डिंक लवकर सुकत नाहीं. रात्रभर थांबावें तेथें पुतण्यानें दोन तासांतच टांचण्या काढल्या. सकाळीं पंख सपाट फळीवर ठेवून पाहिला तों टोंकाकडची मागची कड सहा मिलिमीटर वर उचललेली. त्यास वसतिगृहावर जावयास चार दिवस उरले होते.

“काका, एवढ्याशा पिळानें काय होणार आहे?”

एवढ्याशा पिळानें विमान सदैव त्याच कुशीस वळतें. वेग कमी असतां सुकाणूनें सांवरतां येतें, वेग वाढला कीं पीळहि जोर करतो. थोडा पीळ असता तर फिल्म चढवितांना पंख उलट पिळून, ऊन देऊन सरळ करतां आला असता. सहा मिलिमीटरांचा भरंवसा आम्हांस वाटेना. मागच्या कडेचे सर्व सांधे कापून ती पुन्हां बसवावी, असें आम्हीं सांगितलें. संध्याकाळभर तो आमच्याशीं बोलला नाहीं. आईनें मध्यस्थी करून पाहिली, “पोरानें इतकें केलें आहे, जाऊं द्या ना.” आम्हीं तिला त्या मैदानावरची हकीकत सांगितली, आजवर ती कोणास सांगितली नव्हती. रात्रीं दहाच्या सुमारास मेजावरचा दिवा लागला. पाहतों तों हा पातें घेऊन एकेक सांधा सोडवीत होता.

तोल साधतांना एक ध्यानांत ठेवावें. जुन्या नकाशांत नाकांत तेलाचें इंजिन गृहीत धरलेलें असतें. आजची विजेची मोटर त्याहून हलकी, म्हणून बॅटरी होईल तितकी पुढें सारावी. नकाशावरील खुणेखालीं दोन बोटें लावून विमान उचलावें. नाक किंचित् खालीं झुकलें तर हरकत नाहीं, शेंपूट झुकली तर उडवूं नये. लिथियमची बॅटरी भारित होत असतां खोलींतून उठून जाऊं नये, व ती माजघरांत तर मुळींच ठेवूं नये. दीड मीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद पंखावर १४०० ग्रॅम वजन म्हणजे चौरस डेसिमीटरास सुमारें ३७ ग्रॅम. शिकाऊ विमानास याहून फार अधिक नसावें. भारत सरकारच्या ड्रोन नियम, २०२१ मध्यें २५ किलोपर्यंतच्या, शिक्षण वा करमणुकीसाठीं दृष्टीच्या टप्प्यांत उडविल्या जाणाऱ्या अशा प्रतिकृतींची व्याख्या आहे. त्याच नियमांप्रमाणें आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग पाडलेले असतात. ते पाहूनच मैदान निवडावें. विमानतळ जवळ असल्यास त्या बाजूस जाऊंच नये.

दिवाळींत पुतण्या घरीं आला. विमान १४२० ग्रॅम भरलें. पहांटे वारा पडलेला असतां आम्ही गांवाबाहेरच्या माळावर गेलों. प्रथम मैदान रिकामें आहे हें त्यानेंच फिरून पाहिलें. तिसऱ्या वळणावर त्याचा गोंधळ उडाला, डावें कीं उजवें तें समजेना, आणि विमान आमच्याकडे कलूं लागलें. आम्हीं हात पुढें केला नाहीं. त्यानें दांडीवरचें बोट काढलें. विमान एकदां डुललें आणि सरळ झालें.

पंखावर रेशमी कागद चढवावा कीं फिल्म, याविषयीं पुढील खेपेस.