मागे पडलेले मूल एकट्या आईचे नाही!

माळशिरस तालुक्यात उसाचा हंगाम सुरू झाला की मजूर आईबाप पहाटेच घर सोडतात. अशा घरातले मूल वाचताना अडखळते, शाळा चुकवू लागते. मग आईला बोलावून ‘घरी लक्ष द्या’ एवढेच सुनावले जाते. रोज बुडवून आलेली माय खाली मान घालून परतते. पुढे मुलगा कामाला लागतो आणि मुलीचे लग्न ठरते. याला मुलाचा मठ्ठपणा म्हणायला आम्ही तयार नाही.

कायदा काय सांगतो? शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २४ शिक्षकावर बंधन घालते : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवावे आणि मुलाची हजेरी व प्रगती याविषयी पालकांशी नियमित बैठका घ्याव्यात. या बैठका म्हणजे पालकांची झडती नव्हे! कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा हवी. आपल्या वस्तीतले किती पालक त्या समितीत बोलतात?

सोलापूर जिल्ह्याला हा मार्ग नवा नाही. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरातच अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. नुसते ‘शिका’ सांगून बाबासाहेब थांबले नाहीत. त्यांनी विद्यार्थ्यांच्या पाठीशी संघटना उभी केली.

म्हणून आमची सूचना सरळ आहे. मागे पडलेल्या प्रत्येक मुलासाठी आईवडील, शिकलेले भावंड, वर्गशिक्षक, आशाताई आणि वस्तीतला एक पदवीधर यांनी एकत्र यावे. दर पंधरा दिवसांनी, कोणाचा रोज बुडू नये म्हणून सायंकाळी, विहारात बसावे. पहिला शब्द आईचा असावा; मुलालाही विचारावे. फळ्यावरचे दिसते का? ऐकू येते का? घरी उजेड आहे का? अक्षरांचा गोंधळ कायम राहत असेल तर तपासणीची लेखी मागणी करून पोच घ्यावी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. कोणी काय करायचे, ते वहीत लिहून पुढच्या बैठकीत विचारावे.

जयंतीची वर्गणी गोळा करायला घरोघर जाणारे कार्यकर्ते या मुलांच्या दारातही गेले पाहिजेत. शाळेतून गळालेले प्रत्येक मूल हे चळवळीचे नुकसान आहे. पुढच्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा पहिली यादी याच मुलांची करा!