न ऐकण्यासाठी वाजविलेले संगीत

जपानात नववर्षाचे दिवस आले की दुकानांतून 'हारु नो उमी' वाजू लागते. 'वसंतातील समुद्र' ही मियागी मिचिओ या अंध कलावंताने १९२९ साली कोतो आणि शाकुहाची यांच्यासाठी रचलेली कृती. ग्राहक येतो, माल पाहतो, पैसे मोजतो. ऐकत मात्र कोणीच नाही.

प्रतिपक्ष विचारील, यात हानी ती कोणती? वातावरण तर प्रसन्न होते! आमचा आक्षेप नेमका येथेच आहे. शाकुहाची ही बांबूची पाच छिद्रांची बासरी. फुके पंथाचे भिक्षू मस्तकावर टोपलीसारखे शिरस्त्राण घालून ती ध्यानसाधना म्हणून वाजवीत. १८७१ मध्ये मेइजी शासनाने तो पंथच मोडला. वाद्य तेवढे टिकले. या वादनात फुंकरीची खरखर आणि दोन स्वरांमधील निःशब्द जागा (जपानी तिला 'मा' म्हणतात) स्वराइतक्याच मोलाच्या. विश्रांतिगृहांच्या ध्वनिक्षेपकांस ही जागा परवडत नाही. क्षणभर शांतता झाली की यंत्र बिघडले, असे व्यवस्थापकास वाटावयाचे! मग ती पाण्याच्या खळखळाटाने बुजविली जाते आणि या मिश्रणास 'जपानी शांती' असे नाव मिळते.

पार्श्वसंगीत सरसकट त्याज्य, असे आमचे म्हणणे नाही. कोबायाशी यांच्या 'क्वायदान' या १९६४ च्या चित्रपटात ताकेमित्सू यांनी बिवा हे तंतुवाद्य योजले. तेथे शांतताही बोलते आणि प्रेक्षक श्वास रोखून ऐकतो. दुकानदारांनी तेवढे साधावे, ही अपेक्षा नाही; निदान कळ बंद करणे तरी त्यांच्या हाती आहे.