मुदतीबाहेरची जखम

गळीत हंगामात रात्रीच्या वेळी, पाठीमागे लाल दिवा ना रिफ्लेक्टर अशा उसाच्या ट्रॉलीवर एखादी दुचाकी आदळली, की बेशुद्ध पोराला कराडला किंवा मिरजेला हलवावयाचे, हा सातारा-सांगलीकडील शिरस्ताच होऊन बसला आहे. आणि 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय स्थापिल्यापासून शस्त्रक्रियेसाठी ख्यातकीर्त असलेल्या मिरजेविषयी कृतज्ञता न बाळगणारे घर इकडे विरळाच. तक्रार शस्त्रक्रियेची नव्हे. टाके निघून कार्डावर ‘प्रकृती स्थिर’ असा शेरा पडला, की सरकारदरबारी प्रकरण निकालात निघते, याची आहे.

डोक्याची जखम मात्र टाक्यांबरोबर मिटतेच असे नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गाने कडक नाकेबंदी ठेविली असल्यामुळे मेंदूतील कित्येक प्रथिने शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या दृष्टीस एरवी फारशी पडत नाहीत. आघाताने ती नाकेबंदी फुटली म्हणजे ही प्रथिने रक्तात उतरतात, परकी गणली जातात, आणि त्यांच्याविरुद्ध, क्वचित मज्जातंतूंच्या मायलिन-आवरणाविरुद्धही, प्रतिपिंडे निर्माण झालेली आढळतात. ही प्रतिपिंडे नासधूस वाढवितात की नुसता राडारोडा उपसतात, याविषयी शास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही. दाह मात्र रेंगाळतो. 2013 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच आघातानंतर वर्षाहून अधिक काळ जगलेल्यांपैकी 28 टक्के व्यक्तींच्या मेंदूत मरणोत्तर तपासणीत तो दिसून आला. काहींत तर 18 वर्षांनंतरही.

घरी याचा उलगडा कोणासच होत नाही. पोरगा दुपारीच गळून जातो, हिशेबात चुकतो, आईवर खेकसतो. ‘अपघातापासून तिरसट झालाय’ म्हणून शेजारीपाजारी मोकळे होतात, आणि पीयूष ग्रंथीस इजा होऊन संप्रेरके घटली असल्यास जी साध्या रक्ततपासणीने कळावी व औषधाने सुधारावी, ती व्याधी त्याच्या स्वभावाच्या खात्यावर मांडली जाते.

1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती होऊन नुकसानभरपाईच्या अर्जास अपघातापासून 6 महिन्यांची मुदत घालण्यात आली व ती 1 एप्रिल 2022 पासून अमलात आली. जखम वर्षानुवर्षे धुमसणारी आणि मुदत मात्र सहामाहीची! 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत, प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटते असा मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, हे योग्यच. परंतु मेंदूच्या आघातास तेथे स्वतंत्र कलम नाही, म्हणून दाखल्यासाठी रुग्णास दुसऱ्याच एखाद्या व्यंगाच्या रकान्यात शिरावे लागते.

माझ्या मते मुदत अपघाताच्या तारखेपासून न मोजता वैद्याने अपंगत्व नोंदविल्यापासून मोजावी. यादीत हा प्रकार घालावा. आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयात व साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात डोक्यास जबर मार लागलेल्या प्रत्येकाला वर्षाने व पुन्हा तीन वर्षांनी बोलावून तपासावे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. बाह्यरुग्ण विभागातील एक खोली, आठवड्यातील एक दिवस आणि पत्ते व्यवस्थित लिहिलेली एक नोंदवही पुरे.