ख्रिस्ती ‘विश्वास’ आणि आपली घाई

‘ख्रिश्चनांचं बरं आहे, येशूवर विश्वास ठेवला की नजात पक्की, मग कसंही वागा.’ हे वाक्य तकरीरीत ऐकू येते, व्हॉट्सॲपवर फिरते आणि शेवटी वर्गातल्या मुलांच्या तोंडी येते. दुसऱ्याच्या धर्माबद्दल इतक्या घाईने बोललेले मला पटत नाही, कारण आपल्या दीनबद्दल कोणी असे बोलले की आपल्याला किती लागते ते आपण रोज अनुभवतो.

वाद बायबलमध्येच आहे. पौल रोमकरांस पत्रात (3:28) सांगतो की माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासामुळे, शरीअतच्या कर्मांमुळे नव्हे. याकोब त्याच्या पत्रात (2:24) जवळजवळ उलट म्हणतो. गंमत म्हणजे दोघेही दाखला देतात तो हजरत इब्राहीम (अलै.) यांचाच! पौलापुढचा प्रश्न होता, यहुदी नसलेल्या नव्या अनुयायांवर खतना आणि खाण्यापिण्याचे नियम लादायचे का. याकोबापुढे होती ती उपाशी, उघड्या भावाला नुसत्या सदिच्छा देऊन वाटेला लावणारी माणसे. माझ्या मते दोघांच्या लिखाणात ‘कर्म’ हा शब्द एकच असला तरी रोख वेगळा आहे. भाषा शिकवणाऱ्याला हे चटकन दिसते.

मग मार्टिन ल्यूथर. पोपच्या नावाने पापाच्या शिक्षेची माफी पैसे घेऊन विकली जात होती, त्याविरुद्ध तो 1517 मध्ये उभा राहिला. 1522 च्या जर्मन भाषांतरात त्याने पौलाच्या त्या ओळीत ‘केवळ’ हा शब्द स्वतःहून घातला आणि याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीची किंमत दिली. एवढे सगळ्यांना सांगता येते. पण याच ल्यूथरने 1520 मध्ये सत्कर्मांवर एक अख्खे पुस्तक लिहिले, हे कोणी सांगत नाही. त्याचे म्हणणे होते, सत्कर्म हे तारणाचे मोल नाही, विश्वासाचे फळ आहे. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत 1547 मध्ये त्याची शिकवण नाकारली. पुढे साडेचारशे वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

लांब कशाला, आपल्या केडगावला बघा. पंडिता रमाबाई विश्वासानेच तारण मानणाऱ्या. पण दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवा गोळा करून त्यांना वाढवणाऱ्याही त्याच. ‘कसंही वागा’ म्हणणारा धर्म असे मुक्ती सदन उभारतो का?

हा प्रश्न आपल्याकडेही उपटला होता, हे विसरू नये. मोठा गुनाह केला की माणूस ईमानबाहेर, असे खवारिज म्हणत. दुसऱ्या टोकाला मुर्जिआ होते. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी अमलला ईमानचा भाग मानले नाही, म्हणून काय त्यांनी नमाज-रोजा सोडायला सांगितला? सूरह अस्रमध्ये ईमान आणि नेक अमल जोडीने येतात. तरीही बुखारी-मुस्लिममध्ये हदीस आहे की कोणालाच त्याचा अमल जन्नतमध्ये नेणार नाही, खुद्द पैगंबरांनाही (स.) नाही, अल्लाहची रहमत झाल्याशिवाय. या ठिकाणी ल्यूथर आणि आपले उलेमा थोडा वेळ तरी एकाच बाकावर बसले असते.

फरक आहेच, आणि तो झाकायचे कारण नाही. येशूने सर्वांच्या पापाचे ओझे स्वतःवर घेतले, हे ख्रिस्ती श्रद्धेचे मूळ. कुरआनमध्ये कोणी दुसऱ्याचे ओझे उचलत नाही. चर्चा करायचीच तर या मुद्द्यावर करा, समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकून घेऊन.