प्रकल्प पोरांनाच करू द्या

शाळेने दिलेला प्रकल्प मुलांनीच करावा आणि शक्यतो शाळेतच करावा, असं माझं ठाम मत आहे. घरात एक चौथीतला आणि एक सातवीतली असल्यामुळे हा विषय मी अगदी जवळून बघते आहे. रात्री साडेनऊला पालकांच्या ग्रुपवर "कोणाकडे माउंट बोर्ड शिल्लक आहे का?" असा प्रश्न आला, की साताऱ्यातल्या कितीतरी घरांत एकदम दिवे लागतात. कोणाची तरी आई गॅस बंद करून कात्री शोधायला लागते. कोणाचे तरी बाबा स्टेशनरीवाल्याला खाली आलेलं शटर पुन्हा वर करायला लावतात. ज्याचा प्रकल्प, तो मात्र झोपलेला असतो.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यातले 11 महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड त्यात आहे, याचा आम्हा सातारकरांना फार आनंद झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीला प्रकल्प मिळाला तो प्रतापगडाच्या प्रतिकृतीचा. चौथीच्या वर्षी शिवछत्रपतींचा इतिहास असतो, त्यामुळे विषय उत्तमच होता.

आमच्याकडे बाबांनी फोमशीट कापायला घेतली. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या आजोबांनी माळ्यावरून ओळंबा काढला आणि "बुरूज ओळंब्यात नाही" म्हणून काम थांबवलं. तटाची उंची किती धरायची यावरून दोघांची जुंपली. मुलगा इतका वेळ फेविकॉलची बाटली हातात धरून उभा होता. शेवटी तो म्हणाला, "तुमचं दोघांचं झालं की मला थोडा वेळ द्याल का? मला माझा प्रकल्प करायचाय."

हसून हसून पुरेवाट झाली. मी कटर काढून घेतला आणि दोघांना चहाला बसवलं. मग त्याने बुटांच्या खोक्यांचा गड केला. एक बुरूज कलला, पण दरवाजा कुठे, चोरवाट कुठे हे त्याला ठाऊक होतं. प्रदर्शनात शेजारीच दिव्यांची माळ लावलेला, रंगवलेला देखणा गड होता. त्याच्या मालकाला मी विचारलं, "बाळा, याचा महादरवाजा कुठे रे?" तो म्हणाला, "थांबा हं, मामाला विचारतो." गुणी मुलगा आहे. त्याला माती कालवायला दिली असती, तर त्यानेही दहा गोष्टी सांगितल्या असत्या.

माती कालवणारी मुलं बघायची तर दिवाळीत बघावीत. वसुबारसेच्या आधीपासून आमच्या सोसायटीच्या मागे विटा, दगड आणि गोणपाट जमायला लागतं. एकही मोठा माणूस तिथे फिरकलेला मुलांना चालत नाही. चिखल गोणपाटावर थापायचा, वर हळीव पेरायचे, चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. यंदा तळ्यासाठी माझ्या डब्याचं झाकण गेलं. मावळे कमी पडले म्हणून वरच्या बुरुजावर डायनासोर पहाऱ्याला बसला. सातवीतल्या ताईने त्याला हरकत घेतली. त्यावर उत्तर आलं, "अगं, रात्रपाळीला आहे तो."

दुसऱ्या दिवशी कोणीतरी बादलीभर पाणी ओतलं आणि एका बाजूचा तट धुऊन गेला. रडारड झाली, भांडण झालं, मग सगळे उकिडवे बसून पाणी कुठून वाहिलं ते बघायला लागले. एका मुलीने पाइपचा तुकडा आणून पाण्याला वाट करून दिली. पुढच्या रविवारी आम्ही अजिंक्यताऱ्यावर गेलो, तर चिरंजीव तटाच्या कडेकडेने वाकून चालले होते. "खऱ्या गडाचं पाणी कुठून जातं, ते शोधतोय." हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, गुण तर कोणीच दिले नव्हते.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 साली प्रकल्प पद्धत मांडली. मुलाने स्वतः ठरवून, जीव ओतून केलेलं काम हा तिचा गाभा होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला शिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर आदिवासी मुलांचं शिक्षण उभं केलं. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचं एक साधन आहे. मूल वर्षभर कसं शिकतंय हे शिक्षकांना दिसावं, म्हणून ते आहे. घरच्यांनी रात्री जागून केलेल्या गडातून शिक्षकांना मुलाबद्दल काय दिसणार?

आणखी एक गोष्ट मला सलते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी मुलीच्या प्रकल्पासाठी दुकानातून चारशे रुपयांचं तयार मॉडेल आणलं, कारण "बाकीच्यांचं चांगलं असतं हो वहिनी, आमच्या पोरीला लाज वाटते." त्या पोरीला चुलीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं हाताने करता येतं. तिचे हात बाजूला ठेवून तिच्या आईला पैसे मोजावे लागले, हा अन्याय आहे. तो शाळेने थांबवायला हवा. साहित्य वर्गात द्या किंवा मुलांना आसपासचं गोळा करून आणू द्या. दोन तासिका मोकळ्या ठेवा. झाल्यावर ज्याचा प्रकल्प, त्यालाच दोन प्रश्न विचारा आणि त्यावर गुण द्या. कललेला बुरूज कलता राहू द्या.

पालकसभेत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. बऱ्याच आयांनी मान डोलावली, बाईंनीही मनावर घेतलं. पुढचा प्रकल्प शनिवारी वर्गातच होणार आहे, विषय 'आपल्या शहराचं पाणी'. कास तलावाचं पाणी उताराने साताऱ्यात कसं येतं, ते मुलं करून दाखवणार आहेत. मुलाने माझ्याकडून आतापासून एक गोणपाट मागून ठेवलंय. आजोबांनी बघायला येण्याची परवानगी मागितली, ती त्याने दिली. "मागच्या बाकावर बसायचं, आणि ओळंबा घरी ठेवून यायचं."